कुर्डुवाडी: गाडी बदलायचं गाव

ऑफिसमध्ये कुणी गाव विचारलं की मी सांगतो, कुर्डुवाडी. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ते जंक्शन ना?" हो, तेच. आमच्या गावाची ओळख स्टेशनापासूनच सुरू होते. आज त्याचीच गोष्ट.

मुंबईहून मद्रासकडे जाणारी मोठी लाइन सोलापूर जिल्ह्यात आली, पण कापसाची पेठ असलेली बार्शी बाजूलाच राहिली. बार्शीला जायचं तर इथं उतरायचं, म्हणून या स्टेशनाचं नाव होतं 'बार्शी रोड'. म्हणजे नावसुद्धा दुसऱ्या गावाचं!

मग १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे आली. इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे विमानचालकांसाठी पॅराशूट बनवणारे तेच हे गृहस्थ. मोठ्या लाइनच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, यांच्या लाइनचं फक्त ७६२. खर्च कमी, गाडी छोटी. हळूहळू ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ पर्यंत मिरजेला पोचली.

आता बघा, एका लाइनचा डबा दुसरीवर चालणारच नाही. त्यामुळे पंढरपूरचे वारकरी असोत की कापसाच्या गाठी, सगळ्यांना इथं गाडी बदलावी लागायची. थांबलेल्या माणसाला चहा लागतो, मालाला हमाल लागतो, इंजिनाला कारखाना लागतो. यातूनच गाव वाढलं. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर न जुळणाऱ्या दोन सिस्टीम्समधला अ‍ॅडॉप्टर म्हणजे कुर्डुवाडी.

१९५४ मध्ये ही रेल्वे सरकारकडे गेली. २००० नंतर टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. लातूरकडच्या माणसाला आता थेट मुंबईची गाडी मिळते. हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पण दोन्ही सिस्टीम्स जुळल्यावर अ‍ॅडॉप्टरचं काय करायचं?

मला वाटतं, नुसतं "जंक्शन आहे" म्हणून आता भागणार नाही. आमची नगरपरिषद आहे, रेल्वेचा कारखाना अजून आहे, आणि छोट्या गाडीवर काम केलेली माणसं आहेत. ती माणसं म्हातारी झालीत. इंजिनं जपली जातात, पण ती चालवायची कशी, बिघडली की ठोकायची कुठं, हे त्यांच्याच डोक्यात आहे. त्याचा बॅकअप कुठंच नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर या रविवारी फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि एवढंच विचारा, "आजोबा, ड्युटीवर गेल्यावर पहिलं काम काय असायचं?" पुढचं ते सांगतीलच.