जंगलवाटेवरील मोटारसायकल आणि ठिणगीरोधक

(नार्नूर येथे ग्रामस्थ, शिक्षक व वनकर्मचारी यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातून येऊन मी आपणांशी मराठीत बोलत आहे आणि दुभाष्याची गरज पडत नाही, याचे कारण आपणांस ठाऊक आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि नार्नूर इकडे राहिले. कागदावर सीमा पडली. सागाचे रान मात्र पूर्वीसारखेच राहिले. त्यामुळे वणव्याचा विषय निघाला की आपण दोघेही एकाच घरचे ठरतो.

पौषातील खांदेवाच्या जत्रेस पूर्वी मंडळी बैलगाडीने किंवा पायी येत. आता मोटारसायकली येतात. जत्रा उलगडते त्याच सुमारास साग पाने टाकू लागतो. पुढे मोहफुलांचा हंगाम येतो, त्यामागून तेंदूपत्त्याचा. या चार महिन्यांत रानात जाण्याची गरज सर्वाधिक असते आणि नेमका तेव्हाच पायाखाली वाळलेल्या पाल्याचा थर असतो. शाळेवर जाणारे गुरुजी, बीटावर फिरणारा वनरक्षक, पानाचे पुडे आणणारा तरुण, सर्वांचे वाहन तेच.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वणव्याचा सारा दोष मोटारसायकलीच्या माथी मारावा, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. मोहाखालचा पाला जाळणे, तेंदूची झुडपे फुटावीत म्हणून आग लावणे, शेताचा धुरा पेटविणे आणि विडीचे थोटूक फेकणे ही कारणे कितीतरी मोठी आहेत. परंतु त्यांविषयी दरवर्षी बोलले जाते. सायलेन्सरमधून उडणाऱ्या ठिणगीविषयी फारसे कोणी बोलत नाही.

ही ठिणगी येते कोठून? इंजिनात पेट्रोल पूर्णपणे जळले नाही, म्हणजे काजळी धरते. जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर तेलही जळत असल्याने ती अधिक धरते. काजळीचा कठीण पापुद्रा सायलेन्सरच्या आत साचतो. चढावर गाडी जोर करू लागली की त्याचा एखादा कण सुटतो आणि लालभडक होऊन बाहेर पडतो. डांबरी सडकेवर तो विझून जातो. पाल्यावर पडला तर प्रत्येक वेळी आग लागेलच असे नाही. पण वाऱ्याच्या दिवशी एक कण पुरे होतो.

यावर उपाय म्हणून जे साधन वापरतात, त्यास ठिणगीरोधक, इंग्रजी नावाने स्पार्क अरेस्टर, म्हणतात. अमेरिकेत मिनीबाइक नावाच्या ठेंगण्या मोटारसायकलींवरून डोंगरवाटांनी फिरण्याचा शौक वाढला, तेव्हा तेथील वनसेवेने अशा गाड्यांसही हे साधन आवश्यक ठरविले. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात पोलादी तारेची बारीक जाळी असते. तिचे छिद्र तेथील मानकानुसार सुमारे ०.५८ मिलिमीटरहून मोठे असू नये. दुसऱ्यात धुरास गरगर फिरवितात. जड कण कडेला फेकले जाऊन एका कप्प्यात साचतात. आपल्या छोट्या गाड्यांस जाळीचा प्रकार सोयीचा.

तो बसविताना इंजिन पूर्ण थंड असावे. सायलेन्सरच्या तोंडाचा आतील व्यास मोजून त्याच मापाचा रोधक घ्यावा. तो स्क्रूने अथवा पट्ट्याने घट्ट बसला पाहिजे; कडेला फट राहिली तर धूर आणि ठिणगी दोन्ही त्या फटीतूनच वाट काढतील. जाळी गंजरोधक पोलादाचीच हवी. घरातील चहाची गाळणी कापून बसविण्याचा उद्योग मी पाहिला आहे. ती थोड्याच दिवसांत जळून तिचे तुकडे होतात. जाळी तुंबली की गाडीचा जोर कमी होतो, इंजिन तापते आणि मालक वैतागून जाळीच काढून टाकतो. म्हणून ती वेळोवेळी काढून तारेच्या ब्रशाने साफ करावी. हे काम मोकळ्या मातीवर, जवळ पाण्याची बादली ठेवून करावे.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये धोकादायक माल वाहून नेणाऱ्या गाड्यांस ठिणगीरोधकाचे बंधन आहे, दुचाकीस नाही. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही. तेव्हा सायलेन्सर कापू नये. आपल्या गाडीस काय चालेल ते माहितगार मेकॅनिकास विचारून घ्यावे. आवाज मोठा व्हावा म्हणून सायलेन्सरमधील नळी काढणारी तरुण मंडळी या सभेत असतील, तर त्यांनी हे विशेष ऐकावे. अशा गाडीच्या मागे रात्री उभे राहून पाहा, ज्वाळा दिसते.

रोधक बसविला तरी सायलेन्सर तापतोच. माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जिवतीकडे जाताना मी गाडी रस्त्याच्या कडेला गवतात उभी केली आणि पाटी वाचण्यासाठी पुढे गेलो. परतलो तो गवतातून धूर निघत होता. एका गुराख्याने पळसाच्या फांदीने झोडपून तो विझविला, आणि मला जे ऐकविले ते येथे सांगण्याजोगे नाही. प्रसिद्धी अधिकारी या नात्याने वणव्याची भित्तिपत्रके त्या दिवशी माझ्याच पिशवीत होती.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या साहाय्याने आगीची सूचना देते, हे खरे आहे. परंतु उपग्रह माथ्यावरून जाईपर्यंत वेळ जातो आणि तळहाताएवढी आग त्यास दिसत नाही. ती त्या गुराख्यास दिसली.

सरकारी गाड्यांविषयी आपण विचाराल, आणि ते योग्यच आहे. रानात सर्वांत जास्त फिरतात त्या आमच्याच मोटारसायकली; रोधक प्रथम त्यांना बसले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे व ते मी वरिष्ठांस लेखी कळविले आहे.

बाहेर लिंबाखाली झाडून घेतलेल्या जागेत माझी गाडी उभी आहे. इंजिन एव्हाना निवले असेल. सभा संपल्यावर तिची जाळी काढून दाखवितो; शिक्षकबंधूंनी मुलांना पुढे बसवावे.