चौकोनात चित्रं भरणारी रिएको



घरात मुलं मोबाइलवर गेम खेळत बसली की आपण ओरडतो, आणि ओरडायलाच हवं. पण आज त्या गेमकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू या. पडद्यावर जी झाडं दिसतात, वाडे दिसतात, धावणारा माणूस दिसतो, ते सगळं कुणीतरी काढलेलं असतं. गवताचं पातंसुद्धा. आणि ते काढणाऱ्याला महिन्याला पगार मिळतो. आज मी अशाच एका चित्रकार बाईंची गोष्ट सांगणार आहे. त्या आपल्याकडच्या नाहीत, जपानच्या. नाव रिएको कोदामा.

रिएकोबाईंचा जन्म १९६३ चा, योकोसुका या गावचा. त्यांना दोन गोष्टींची ओढ होती. एक चित्रकला आणि दुसरं पुरातत्त्व, म्हणजे जमिनीखाली गाडलेल्या जुन्या वस्तूंवरून इतिहास शोधायचं शास्त्र. पण विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत यश आलं नाही. आपल्याकडे अशा वेळी काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. रिएकोबाई जाहिरातीची चित्रं काढायला शिकवणाऱ्या संस्थेत गेल्या. तिथून १९८४ साली सेगा नावाच्या कंपनीत नोकरीला लागल्या. ही कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. तेव्हा तिथे चित्रकार कमी आणि काम फार, त्यामुळे पहिल्याच वर्षी त्यांना एकामागून एक बऱ्याच गेमची चित्रं करावी लागली. हात बसला तो तिथेच.

आता हे काम कसं असायचं? तुमच्यापैकी कितीजणींनी मॅटीच्या कापडावर भरतकाम केलंय? रुखवतातलं तोरण, टेबलक्लॉथ? घरं मोजायची, फुल्या घालायच्या. जवळून बघितलं तर नुसत्या फुल्या, लांबून बघितलं तर मोर. त्या काळातलं गेमचं चित्र अगदी असंच होतं. पडदा म्हणजे बारीक बारीक चौकोन. प्रत्येक चौकोनात एक रंग. आठ चौकोन आडवे, आठ उभे, असे तुकडे करायचे आणि ते जोडून डोंगर, घर, माणूस उभा करायचा. सेगाच्या घरगुती यंत्रात रंग होते एकूण ६४, आणि पडद्यावर एका वेळी त्यातले फार तर ३२. एवढ्यात सगळं बसवायचं. डोळा म्हणजे दोन-तीन चौकोन. एक चौकोन इकडचा तिकडे झाला की हसरा चेहरा रागावलेला दिसणार.

माणूस चालताना दाखवायचा तर त्याची वेगवेगळी चित्रं काढायची. एकात डावा पाय पुढे, एकात उजवा. ती भराभर बदलली की आपल्याला वाटतं, माणूस चालतोय.

१९८७ साली रिएकोबाईंनी ज्या गेमची मुख्य चित्रं केली, त्याचं नाव 'फँटसी स्टार'. त्या काळच्या पुष्कळ गेममध्ये बाई असायची ती पळवून नेलेली राजकन्या, कुणीतरी येऊन सोडवेल म्हणून वाट बघत बसलेली. या गेममध्ये मात्र भावाला राजाचे शिपाई मारतात, आणि तलवार हातात घेऊन निघते ती बहीण. तिचं नाव अलीसा. खेळणारा मुलगा असो की मुलगी, पडद्यावर त्यांनी चालवायची ती अलीसाच. तिला रूप दिलं रिएकोबाईंच्या हातानं.

पुढे १९९१ साली आला 'सॉनिक' नावाचा गेम, निळ्या रंगाचा, सुसाट पळणारा प्राणी. तो जगभर गाजला. तो ज्या हिरव्या टेकड्यांवरून, ज्या पाण्यावरून पळतो, त्या देखाव्यांच्या कामातही रिएकोबाई होत्या.

पण गेम संपल्यावर पडद्यावर नावं येतात, त्यात 'रिएको कोदामा' हे नाव नव्हतं. तिथे होतं 'फिनिक्स री'. कारण त्या काळी अशा कंपन्या कामगारांची खरी नावं छापू देत नसत. दुसरी कंपनी चांगली माणसं पळवून नेईल, ही भीती. म्हणून मग टोपणनाव. लाखो मुलांनी त्यांची चित्रं बघितली, आणि ती कुणी काढली हे त्यांना ठाऊक नव्हतं. हे ऐकताना मला आपल्याकडची रुखवतं आठवली. तोरणाचं कौतुक सगळे करतात, पण 'हे भरलं कुणी?' असं विचारणारं क्वचित कुणी असतं.

रिएकोबाई थांबल्या नाहीत. १९९३ साली त्याच 'फँटसी स्टार' मालिकेतल्या चौथ्या गेमच्या त्या दिग्दर्शक झाल्या. २००० साली 'स्काइज ऑफ आर्केडिया' या गेमच्या निर्मात्या झाल्या. चौकोन भरणारी मुलगी आता अख्खा गट चालवत होती. २०१९ साली अमेरिकेत गेम बनवणाऱ्यांच्या मोठ्या मेळाव्यात त्यांना 'पायोनियर', म्हणजे वाट पाडणारी व्यक्ती, हा पुरस्कार मिळाला. तो मात्र खऱ्या नावानं. २०२२ च्या मे महिन्यात त्या गेल्या. बाहेरच्या जगाला ते कळलं काही महिन्यांनी, तेही एका गेमच्या यंत्रात त्यांच्या आठवणीसाठी नाव घातलं होतं म्हणून. शेवटी नाव पडद्यावर आलं.

आता आपल्या मुलींचं बोलू. आज हे काम संगणकावर होतं. कागदावर चित्र काढायचं, मग संगणकात मातीसारखी मूर्ती घडवायची, रंगवायची, आणि तिला हलवणारी माणसं वेगळी. ब्लेंडर, क्रिटा ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा देता येतात. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई युसीड नावाची प्रवेश परीक्षा घेते, ती कला शाखेच्या मुलींनाही देता येते.

दुसरी बाजूही सांगते. यात गेम संपत आला की रात्र-रात्र काम चालतं. गेल्या काही वर्षांत बड्या कंपन्यांनीही माणसं कमी केली आहेत. आणि 'नोकरी नक्की' असं सांगून लाखभर फी मागणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी, तिथून शिकलेल्या दोन मुलींशी बोला. त्या सध्या काय काम करतात ते विचारा.

या धंद्यात सर्टिफिकेटच्या आधी बघतात ती कामाची फाईल, तुम्ही स्वतः काय काढलंय ते. म्हणून एक काम सांगते. आज रात्री जेवणं झाली की मुलीची चित्रकलेची वही मागा. बघा. रद्दीत टाकू नका. आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तिला तारीख घालायला सांगा, आणि तिचं पूर्ण नाव. टोपणनाव नको.