निर्वासितांचे घर आणि आपली ज्युबिली
(ज्युबिली समारंभात झालेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी आपण आपल्या धर्मग्रामाची ज्युबिली साजरी करीत आहोत. ज्युबिली म्हणजे केवळ लोटलेल्या वर्षांची मोजदाद नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रात पन्नासावे वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षी दासाने मुक्त व्हावे, ज्याची जमीन हातची गेली त्यास ती परत मिळावी आणि प्रत्येकाने आपल्या कुळात परत जावे, असे तेथे सांगितले आहे. तेव्हा ज्युबिलीचा मूळ अर्थ घरी परतणे हा होय. म्हणूनच ज्यांना परतावयास घर उरले नाही, अशा लोकांचे स्मरण आज करणे आम्हांस उचित वाटते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या सैन्याने युक्रेन देशावर अनेक बाजूंनी चाल केली. लाखो स्त्रिया, मुले व वृद्ध देश सोडून निघाले. मागे राहिलेले पुरुष लढाईस उभे राहिले. त्या लोकांत बहुसंख्य पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स सभेचे असले, तरी रोमशी एकनिष्ठ असलेली ग्रीक कॅथोलिक सभाही तेथे आहे. २५ मार्च २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रशिया व युक्रेन ही दोन्ही राष्ट्रे पवित्र मरियेच्या निष्कलंक हृदयास अर्पण केली, तेव्हा जगातील सर्व महागुरुस्वामींना आपल्यासमवेत प्रार्थना करण्यास त्यांनी पाचारण केले होते. दोन्ही राष्ट्रांची नावे एकत्र घेतली गेली, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल, "युक्रेन कोठे आणि आपला हिंगोली जिल्हा कोठे? आमच्याच शिवारात पाऊस दगा देतो, आमचेच लोक पोटासाठी गाव सोडतात. दूरदेशीच्या दुःखाचा भार आम्ही का वाहावा?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे.

पहिले उत्तर ह्याच मातीत आहे. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वी, १९४८ पर्यंत, हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या धुमाकुळात मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे सीमा ओलांडून गेली. ह्या भागातील लोकांना पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड जवळचे होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती परत आली. निर्वासित हा शब्द आपल्याला परका नाही.

दुसरे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी आहे. १९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना मालगाड्यांत भरून सायबेरिया व कझाकस्तानात नेले. त्यांची गावे ज्या प्रदेशात होती, त्याचा मोठा भाग आज युक्रेनमध्ये आहे. १९४१ च्या करारानंतर सुटका झालेले लोक उपासमार व रोगराई सोशीत १९४२ साली इराणात पोहोचले, आणि त्यांतील अनेक तेथून हिंदुस्थानात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. १९४३ पासून वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश लोकांची वसाहत उभी राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती.

ते वर्ष सुबत्तेचे नव्हते. महायुद्ध चालू होते, धान्याची टंचाई होती आणि बंगालमध्ये माणसे भुकेने मरत होती. तरीही करवीर संस्थानाच्या भूमीवर त्यांना जागा मिळाली. खर्चाचा भार लंडनमधील परागंदा पोलिश सरकारने उचलला होता, हे खरे. परंतु शेजारधर्म पैशाने विकत मिळत नाही. वळिवड्यास त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, नाट्यगृह होते आणि त्यांचे स्वतःचे चर्च होते. ते आपल्या भाषेत शिकले, आपल्या रीतीने नाताळ पाळू शकले. निर्वासितास नुसती भाकरी देणे ही भिक्षा झाली. त्याचे माणूसपण जपण्यास जागा देणे हे खरे आतिथ्य होय.

१९४८ साली वसाहत बंद झाली. आपली गावे सोव्हिएत अमलाखाली गेल्यामुळे पुष्कळांना ब्रिटन व अन्य देशांची वाट धरावी लागली. काही जण कोल्हापूरच्या दफनभूमीतच चिरविश्रांती घेत आहेत. त्या रिकाम्या बराकींत मग फाळणीमुळे सिंधमधून आलेले निर्वासित राहिले. आज कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. एका परागंदाने सोडलेले छप्पर दुसऱ्या परागंदाच्या उपयोगी पडले.

आता २०२२ कडे वळू. युक्रेनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेणारे हजारो भारतीय विद्यार्थी युद्धात सापडले. त्यांत महाराष्ट्रातील मुलेमुलीही होती. खारकीव शहरात कर्नाटकातील एका विद्यार्थ्याला प्राणास मुकावे लागले. त्या बिकट समयी पोलंडने आपल्या विद्यार्थ्यांना व्हिसावाचून सीमा ओलांडू दिली, आणि शेजारच्या देशांतून 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी ते मायदेशी परतले. ज्या राष्ट्राच्या मुलांना एकेकाळी आपल्या भूमीने सांभाळले, त्याच राष्ट्राने आपल्या मुलांसाठी दार उघडले. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे कायमचे ठरलेले नसते.

ह्याहूनही मोठी गोष्ट आम्हांस सांगावयाची आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलिश व युक्रेनी लोकांमध्ये भयंकर रक्तपात झाला होता; त्याच्या जखमा दोन्हीकडे अद्याप आठवल्या जातात. तथापि युक्रेनी माता मुलांना घेऊन सीमेवर आल्या, तेव्हा पोलिश कुटुंबांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतले. आधी जुना हिशेब चुकता करा, मग आत या, असे त्यांनी म्हटले नाही. क्षमा शब्दांनी मागितली जाते, पण ती पुष्कळदा दार उघडण्याने दिली जाते.

बंधुभगिनींनो, हेरोदाच्या भयाने रातोरात इजिप्तला निघालेल्या पवित्र कुटुंबाकडे पोप बारावे पायस यांनी १९५२ साली सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हणून बोट दाखविले. आपल्या घरी ज्या बाळ येशूची तसबीर आहे, तो स्वतः निर्वासित बालक होता. मग आपल्या हातून काय घडावे? युक्रेनसाठी प्रार्थना व यथाशक्ति दान तर करावेच. त्यासोबत आपल्या दाराशी पाहावे. दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाची मुले शाळेपासून तुटू नयेत, त्यांच्या घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांची विचारपूस व्हावी, आणि कामासाठी परप्रांतांतून आलेल्या मजुरास आपल्या धर्मग्रामात परकेपण वाटू नये. जो जवळच्याला ओळखीत नाही, त्याचा दूरच्याविषयीचा कळवळा लटका होय. आणि जो दूरच्याला आपला मानीत नाही, त्याच्या जवळच्याविषयीच्या प्रेमात स्वार्थ लपलेला असतो.

परमेश्वर युद्धपीडितांस शांती देवो, परागंदांस घरी परत नेवो, आणि तोवर त्यांच्यासाठी आपल्या घरी व आपल्या अंतःकरणात एक जागा राखून ठेवण्याची सद्बुद्धी आपणां सर्वांस देवो. आमेन.