एका घराचे किती क्रमांक?



विषयपत्रिकेवर ‘स्मार्ट सिटी’ हे शब्द आहेत आणि आपण जमलो आहोत पनवेलमध्ये. केंद्राच्या 2015च्या अभियानात महाराष्ट्रातली आठ शहरे निवडली गेली. पनवेल त्यांत नव्हते. त्याच वर्षी सिडको या राज्याच्या नगरनियोजन महामंडळाने खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल धरून स्वतःची दक्षिण नवी मुंबई स्मार्ट सिटी जाहीर केली. या वसाहतींना महापालिका मिळाली ती त्यानंतर, 1 ऑक्टोबर 2016 रोजी.

त्या दिवशी पनवेलची 1852ची नगरपरिषद, सिडकोचे नोड म्हणजे या वसाहती, आणि 29 महसुली गावे एका हद्दीत आली. दप्तरे मात्र जिथल्या तिथे राहिली. नोडमधली इमारत सेक्टर आणि भूखंड क्रमांकावर चालते, गावची जमीन सातबाऱ्यावर, जुन्या पनवेलातला वाडा सिटी सर्व्हे नंबरवर. महावितरणचा ग्राहक क्रमांक वेगळा, पाण्याच्या जोडणीचा वेगळा, घरपट्टीचा आणखी वेगळा. पत्त्यावरून ताळा घालावा, तर एका यादीत ‘खांदा कॉलनी’ आणि दुसरीत ‘नवीन पनवेल पश्चिम’. पोस्टमनला दोन्ही एकच. संगणकाच्या लेखी ती दोन गावे.

मालमत्ता कराचा वाद आपण सर्वांनी पाहिला. महापालिकेने 2016पासूनचा कर मागितला. रहिवासी म्हणाले, त्या काळात आम्ही सिडकोला सेवाशुल्क भरत होतो. दुहेरी आकारणी योग्य की अयोग्य, हा कायद्याचा प्रश्न आहे, तो मी इथे सोडवणार नाही. पण कोणत्या सदनिकेने कुणाकडे किती भरले, हे दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून सांगता आले असते, तर निदान आकड्यांवरून भांडण झाले नसते.

पावसाळ्यात दप्तरांची हीच फारकत जिवावर बेतते. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून येते आणि पनवेलच्या खाडीला मिळते. डोंगरात मुसळधार, तिच्यावरचे देहरंग धरण भरून वाहते आहे आणि खाडीला भरती, या तीन गोष्टी एका वेळी जुळल्या की पाणी ओसरायला वाट मिळत नाही. पावसाची नोंद हवामान खात्याकडे, धरणाची पातळी महापालिकेकडे, भरतीचे वेळापत्रक आधीच छापलेले. यांतले काहीही गुप्त नाही. तरीही नदीकाठच्या माणसाला तिन्ही मिळून एकच इशारा हवा असेल, तर कुणीतरी रात्री जागून तीन ठिकाणी चौकशी करायला हवी. स्मार्ट सिटीच्या नियंत्रण कक्षातल्या भिंतभर पडद्यांचे मला कौतुक कमीच आहे, ते यामुळे. पडद्यावर काय येते, हे त्यामागच्या नोंदी ठरवतात.

म्हणून सगळा डेटा उचलून एका कोठारात भरा, असे मी म्हणत नाही. पाण्याच्या मीटरवरून घर बंद आहे की उघडे, हे कळते. अशी माहिती कुणाच्याही हाती पडणे बरे नव्हे, आणि 2023च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ती बेफिकिरी परवडणारीही नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने उभे राहिलेले ‘इंडिया अर्बन डेटा एक्स्चेंज’ याबाबतीत शहाणे आहे: माहितीवरचे नियंत्रण ज्याचे त्याच्याकडेच राहते, मागणाऱ्याला ती परवानगीने आणि गरजेपुरती मिळते. पनवेलला एवढेच पुरेल. फक्त प्रत्येक इमारतीला एक समान ओळख क्रमांक द्यावा आणि सिडको, महसूल, महावितरण, महापालिका यांनी आपापल्या क्रमांकाशेजारी तो लिहावा.

हे काम सॉफ्टवेअरवाल्याचे कमी आणि कारकुनाचे, तलाठ्याचे, मीटर वाचणाऱ्याचे जास्त आहे. निविदेत त्यांच्या कष्टांसाठी ओळ नसते; ती घाला, असा माझा आग्रह राहील.

दुपारच्या सत्रात या समान क्रमांकाच्या प्रयोगासाठी जागा ठरवायची आहे. बहुतेकांची पसंती खारघरच्या आखीव सेक्टरला दिसते. माझे मत गावठाणाच्या बाजूने आहे. तिथे घराला घर लागून आहे, वाटण्या तोंडी झाल्या आहेत, एका मीटरवर दोन चुली आहेत. तिथे जी पद्धत टिकेल ती सेक्टरमध्ये सहज चालेल. सेक्टरमध्ये बसवलेली पद्धत गावठाणात टिकेलच, याची खात्री मला कुणी देऊ शकलेले नाही.