हजेरी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून एकच वाक्य कानावर येतंय, "काय गो, जाडी झालंस!"

जाडी थोडी वारशाने येते, हे खरं. 2007 साली 'एफटीओ' जनुकाचा वजनाशी संबंध दिसला. त्याचा विशिष्ट प्रकार आई-वडील दोघांकडून आला, तर वजन सरासरी तीनेक किलो जास्त भरतं. तीनच! बाकीचे आपण कमावलेले. नियमित हालचाल करणाऱ्यांत हा परिणामही कमी होतो. कासार्ड्याहून चालत शाळेत येणारे आपण आता तळेरे नाक्यावरही रिक्षाने जातो.

पाळी थांबल्यावर चरबीतून इस्ट्रोजेन तयार होतं, म्हणून त्या वयात लठ्ठपणाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. 'बीआरसीए' जनुकांतला दोष मात्र बारीक बाईलाही गाठतो, आणि तो वडिलांकडूनही येतो. म्हणून डॉक्टरांना मावशीबरोबर आत्याचाही आजार सांगा.

माझ्या आईने गाठ वर्षभर पदराआड ठेवली. "दुखत नाय मा," म्हणायची. न दुखणारी गाठच आधी दाखवायची, हे आम्हांला उशिरा कळलं.

मुंबईत टाटा रुग्णालयाने 1998पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासणी केली. तिथे पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले.

बाई, तुम्ही आमची हजेरी घ्यायचात. पुढच्या मेळाव्यात मी घेणार. मैत्रिणींनो, तपासणी करूनच "हजर" म्हणायचं!