मत मनातले, मत जनातले

(एका व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'वैयक्तिक मत आणि लोकमत' हा आजचा विषय. आपल्या भाषेने या विषयावर दोन म्हणी दिल्या आहेत. एक म्हणते, 'पाचामुखी परमेश्वर'. दुसरी म्हणते, 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे'. पहिली समाजाला न्यायासनावर बसवते, दुसरी व्यक्तीच्या सदसद्विवेकाला. आपल्या पूर्वजांनी या दोन्ही म्हणी जपून ठेवल्या, एकीसाठी दुसरी टाकून दिली नाही. यात मोठे शहाणपण आहे, असे मला वाटते.

लोकमत म्हणजे घरोघरच्या मतांची बेरीज, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती पुरेशी नाही. मनात असलेले मत आणि चारचौघांत उच्चारलेले मत यांत फार मोठे अंतर असते. ते अंतर कोणी तरी किंमत मोजून ओलांडावे लागते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आणीबाणीच्या कालखंडात सापडते.

शांततेचा अर्थ

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. ४ जुलैला संघावर बंदी आली. हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. वरवर पाहता देशात शांतता होती. गाड्या वेळेवर धावतात, कर्मचारी वेळेवर कचेरीत येतात, अशी स्तुती चारचौघांत ऐकू येई. तेव्हा कोणी लोकमताची मोजदाद केली असती, तर राज्यकर्त्यांना अनुकूल असाच कौल हाती आला असता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कऱ्हाड येथे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत होत्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय परराष्ट्रमंत्री. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा निषेध केला आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्या स्वास्थ्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. श्रोते उभे राहिले. त्या क्षणी काय घडले? एकट्यादुकट्याच्या मनात कोंडलेले मत दुसऱ्याच्याही मनात आहे, हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसले. खासगी मताचे लोकमत होते ते असे. पुढे १९७६ मध्ये दुर्गाबाईंना मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयात अटक झाली.

दुर्गाबाई आपल्या विचारधारेच्या नव्हत्या, हेही या ठिकाणी सांगितले पाहिजे. त्यांनी कोणत्याही संघटनेच्या बळावर हे धाडस केले नाही. दुसरीकडे १४ नोव्हेंबर १९७५ पासून लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि भूमिगत पत्रके घरोघर पोहोचत होती. नाव नसलेल्या असंख्य कार्यकर्त्यांनी तेच काम दुसऱ्या वाटेने केले. एकीकडे एकाकी व्यक्तीचा विवेक आणि दुसरीकडे संघटित समाजाची शक्ती. लोकमताला ही दोन्ही चाके लागतात.

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणूक घोषित झाली. मार्चमध्ये निकाल लागले तेव्हा उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. स्वतः पंतप्रधान रायबरेलीत पराभूत झाल्या. सेन्सॉरने जनतेचे तोंड बंद केले होते, पण त्याबरोबर सरकारचे कानही बंद झाले होते. विरोधी मत दडपणारा सत्ताधारी सर्वप्रथम स्वतःलाच फसवतो, हा त्या निकालाचा धडा आहे.

मात्र त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशातील ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या, हे आपण बहुधा विसरतो. सक्तीच्या नसबंदीचा जो जाच उत्तरेने सोसला, तो दक्षिणेच्या वाट्याला तेवढ्या प्रमाणात आला नव्हता. म्हणजे 'देशाचे मत' असे आपण म्हणतो, तेव्हाही ते सर्वत्र एकजिनसी नसते. ज्याला जसा अनुभव येतो, तसे त्याचे मत घडते.

प्रेतयात्रा पाहणारा संपादक

आता थोडे मागे जाऊ. १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. पुढे सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद झाले. पत्र हे संस्थेचे, मग त्यात एकाचे वैयक्तिक मत किती यावे, हा प्रश्न उभा राहिला. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. ते त्या काळचे लोकमत होते!

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले, एवढ्याने केवढे वादळ उठले! लोकमान्यांनी त्या कायद्याला विरोध केला. पण १८९० मध्ये मुलींचे लग्न सोळा आणि मुलांचे वीस वर्षांपूर्वी करू नये, असा प्रस्ताव त्यांनीच मांडला होता. परकीय सरकारने कायदा करू नये, समाजाने स्वतः सुधारावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे वैयक्तिक मत आणि सार्वजनिक भूमिका ही दोन्ही सोबत वाचली, तरच टिळक समजतात. पुढे १९२९ मध्ये मुलींच्या विवाहाचे वय चौदा ठरवणारा कायदा आला, तो हरबिलास सारडा या आर्यसमाजी हिंदू सुधारकाच्या पुढाकाराने. अवघ्या चार दशकांत समाज केवढा पुढे आला होता!

आगरकर १८९५ मध्ये गेले. 'केसरी'त त्यांचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला. इतक्या कडव्या मतभेदानंतरही प्रतिपक्षाची योग्यता मान्य करण्याचे मोठेपण महाराष्ट्राच्या परंपरेत आहे.

आपल्यासाठी

आता आपल्याविषयी बोलतो. २००४ च्या निवडणुकीत 'इंडिया शायनिंग'ची घोषणा गाजली. त्याआधी डिसेंबर २००३ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड जिंकले होते. आपल्या बैठकांत, आपल्या परिचितांत सर्वत्र एकच सूर होता. चाचण्याही विजयाचे भाकीत करत होत्या. निकालात भाजपाला १३८ जागा मिळाल्या आणि सत्ता गेली. २०२४ मध्येही मतदानोत्तर चाचण्यांनी दाखवलेले यश प्रत्यक्षात उतरले नाही. भाजपाच्या जागा २४० वर थांबल्या. आपल्या ओळखीच्या लोकांचे मत हेच लोकमत, असे वाटणे हा कोणत्याही संघटनेला जडणारा रोग आहे. हातातल्या मोबाइलने तो बळावला आहे. सकाळी दहा जणांनी पाठवलेला एकच संदेश म्हणजे दहा मते नव्हेत. ते एकच मत आहे, आणि तेही बहुधा कोणा अनोळखी माणसाचे.

कार्यकर्त्याचे सामर्थ्य संपर्कात आहे, असे आपण नेहमी म्हणतो. मग संपर्क आपल्याशी सहमत नसलेल्या घराशीही हवा. तिथे जाऊन बोलण्याआधी ऐकायला हवे. बैठकीत एखादा तरुण उठून वेगळे काही सांगू लागला, तर त्याला खाली बसवण्याची घाई नको. कदाचित बाहेरच्या हजारोंच्या मनातले तोच एकटा बोलत असेल. आणि निर्णय झाल्यावर शिस्त पाळणाऱ्याने आपले मत विसर्जित केले आहे, असेही समजू नये. विचार करणारा माणूस शिस्तीत राहतो, तेव्हाच त्या शिस्तीला अर्थ असतो.

आणीबाणीत आपल्या कार्यकर्त्यांनी तुरुंगवास सोसला, तो मत मांडण्याच्या अधिकारासाठी. त्या वेळी तो अधिकार आपल्याला हवा होता. आज आपल्याला न रुचणारे मत मांडणाऱ्यालाही तो तेवढाच हवा आहे. आपण तो त्याला देतो की नाही, यावरच त्या त्यागाचे मोल ठरणार आहे.