क्रोटनची पानं गळाली म्हणून रोप फेकू नका

 

आज कर्ज, हप्ता, व्याज बाजूला ठेवू आणि ओट्यावरच्या क्रोटनबद्दल बोलू. लाल, पिवळ्या, हिरव्या पानांचं हे रोप आता घरोघरी दिसतं. गटाच्या बैठकीत एक तक्रारही कायम असते: "ताई, आणलं तेव्हा कसं रंगीत होतं, पंधरा दिवसांत सगळी पानं गळाली." मग ते रोप उकिरड्यावर जातं. त्यातली बरीच रोपं मेलेली नसतात. नखानं खोडाची साल जराशी खरवडून पाहा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर रोप जिवंत आहे. जागा बदलली की क्रोटन पानं टाकतं, हा त्याचा स्वभावच आहे. अशा वेळी जास्त पाणी ओतू नका, खत देऊ नका, आणि त्याला पुन्हा इकडून तिकडे हलवू नका. काही आठवड्यांत नवे कोंब येतात.

क्रोटन मूळचं मलेशिया, इंडोनेशिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. तिथे हवा उबदार आणि बारा महिने दमट असते. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, हवा कोरडी असते आणि थंडीत रात्री गारठा पडतो. म्हणून आपल्याला त्याची जागा विचार करून निवडावी लागते.

पहिली गोष्ट उजेड. पानांचा रंग उजेडावर ठरतो. घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं की नवी पानं हिरवीच येतात. सकाळी नऊ-दहापर्यंतचं कोवळं ऊन मिळेल अशी पूर्वेकडची पडवी किंवा ओटा उत्तम. दुपारचं ऊन मात्र पानं करपवतं. उन्हाळ्यात कुंडी धाब्यावर ठेवू नका, तापलेल्या पत्र्याजवळही नको. कूलरचा किंवा पंख्याचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नका. थंडीत रात्री कुंडी आत घ्या.

दुसरी गोष्ट पाणी. रोज ठरवून तांब्याभर ओतण्यापेक्षा बोट मातीत दोन पेरं घालून पाहा. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी निघेपर्यंत द्या. टंचाईच्या दिवसांत तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं, फक्त त्यात मीठ किंवा साबण नको. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी क्षारांचं असतं, त्यानं पानांची टोकं जळतात. मातीवर केळीची वाळलेली पानं किंवा कडब्याचा चुरा पसरला की ओल टिकते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, तिथे डेंग्यूचे डास होतात.

माती नुसती काळी नको. आपली कपाशीची काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू घ्या. तेलाचा जुना डबा, फुटकी बादलीही चालते, पण तळाला भोकं हवीत.

आता कीड. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तोच पांढरा कापूस पानांच्या बेचक्यात दिसतो. कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी आणि बारीक जाळी दिसते. पानं दोन्ही बाजूंनी पाण्यानं धुवा, ढेकूण साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा. 50 ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, थोडा साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. शेतातलं उरलेलं औषध घरातल्या कुंडीवर मारू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. जे औषध उघड्या रानात जीव घेतं, ते लेकरं झोपतात त्या पडवीत कशाला आणायचं?

क्रोटन एरंडाच्या कुळातलं आहे. त्याचा चीक कातडीला खाजवतो आणि कपड्यावर डाग पाडतो. पान चावलं तर तोंडाची आग होते, पोट बिघडतं. रांगतं मूल आणि शेळी यांच्यापासून कुंडी उंचावर ठेवा. छाटणी केली की हात धुवा.

शेवटी कमाईचं. एका क्रोटनपासून गुटी कलमानं अनेक रोपं होतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. एक इंच रुंदीची साल गोल काढा, तिथे ओला काथ्या किंवा शेवाळ गुंडाळा, वरून प्लास्टिक लावून दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट बांधा. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून मुळ्या दिसतात. मग खालून कापून पिशवीत लावा आणि सावलीत ठेवा.

जुलैत बांधलेली कलमं संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत विकण्याजोगी होतात. प्लास्टिकच्या डब्या-वाट्यांऐवजी रोपाचं वाण द्यायला काय हरकत आहे? आणि रोप देताना कुणाचं कुंकू पाहू नका, आलेल्या प्रत्येक बाईला द्या.

विकताना दोन नियम पाळा. पिशवीत लावल्यावर किमान महिनाभर जगलेलं, नवं पान फुटलेलं रोपच विका, आणि घेणारीला चिकाबद्दल आणि पानगळीबद्दल आधीच सांगा. रोप मेलं तर नाव गटाचं जातं. हिशेब लिहिताना पिशवी, खत, सुतळी यांच्याबरोबर आपली मजुरीही धरा. बाईची मजुरी वहीत आली नाही, तर नफा किती झाला हे कळणारच नाही.

या आठवड्यात एवढंच करा: घरात निष्पर्ण उभं असलेलं रोप असेल तर नखानं साल खरवडून पाहा, आणि काय दिसलं ते पुढच्या बैठकीत सांगा. नमस्कार.